रिकाम्या जागी माणिकराव

माणिकराव प्रेस, एसटी स्टँडसमोर, वसमत
१८ नोव्हेंबर २०२४

पुष्कर,

'सप्रेम' लिहायला हात वळंना, म्हणून नुसताच नमस्कार.

फोन केला असता, पण फोनवर तू 'हो गं मंजू, बघतो' म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस. तुझ्या कंपनीनं रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. मग आमालाबी पोस्टाचा रस्ता ठाऊक हाय.

नोटीस मला आली असती तर एक वेळ चाललं असतं. ती आली जवळा बाजारच्या नेमसिंगला. ऐन बाजाराच्या दिवशी आपली प्रेस तशीच टाकून, बस धरून तो माझ्याकडं आला. हातात कागद. "मंजूताई, मला धरून नेतेत का?" म्हणला. कागदात काय, तर 'मानपान प्रो' हे पुण्याच्या 'मंगलाक्षर' कंपनीच्या मालकीचं, त्याची नक्कल तुमी वापरून राहिलात, महिन्याभरात काढून टाका, न्हाई तर कोर्ट. खाली सही कुणाची? पुष्कर बंडोपंत औंढेकर, उत्पादन प्रमुख. वा रे प्रमुख! नक्कल म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा!

तू विसरला असशील तर सांगते, तुझ्या वकिलालाबी वाचून दाखव. 'मानपान' मी केलं. दोन हजार अठरा साली, याच प्रेसमधी, माझे बाबा होते तेव्हा. पानं मांडायचा 'चौकट' नावाचा प्रोग्राम हाय. जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, मोकळा, आतला कोडबी कुणालाही बघता येतो. पण त्याच्यात आपली लग्नपत्रिका बसंना. त्यांच्या मुलखात नवरा-नवरीचं नाव छापलं की पत्रिका संपली. आपल्याकडं तिथून सुरू होते. आजोबा कोण, चुलते किती, मामा वर का आत्याचे यजमान वर, 'कै.' कुणाला लावायचं, लेकरांची किलबिल कुठं. एक नाव खाली सरकलं की मांडवात रुसवा, आणि शिव्या प्रेसवाल्याला. हा सगळा हिशोब बाबांच्या डोक्यात होता. मी तो चौकटला वरून जोडायच्या एका ॲड-ऑनमधी उतरवला. नावं भरा, ती मानानं लागतात, पान तयार.

त्या दिवाळीला तू आलतास. बाबांच्या एका सवयीवर खो खो हसलतास, ते मला अजून आठवतं. छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळापासून त्यांचा नेम होता. गिऱ्हाइकानं एखादं नाव द्यायचं बाकी ठेवलं तर जागा मोकळी सोडायची न्हाई, तिथं स्वतःचं नाव ठोकायचं. "मोकळी जागा डोळ्याला दिसत न्हाई पोरी, परकं नाव लगेच खुपतं," म्हणायचे. मी ॲड-ऑनमधीबी तेच केलं. आजोबाची ओळ कुणी भरली न्हाई तर तिथं 'माणिकराव ग्यानबाराव ढोबळे, प्रेसवाले, वसमत' येतं आणि प्रूफ वाचणारा दचकतो. तू म्हणलास, "काय खेडवळ आयडिया!" आणि तेच खेडवळ काम पेनड्राइव्हवर भरून पुण्याला घेऊन गेलास.

आपल्या जिल्ह्यात अकरा प्रेस यावर चालतात. मी ते सगळ्यांना असंच दिलं. तुळशीचं लग्न झालं, आता पत्रिकांचा सीझन. हे बंद पडलं तर नेमसिंगसारख्यांनी वर्षभर काय करावं, गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवाव्या? नेमसिंगसारखीच बाकी दहांनाबी नोटीस आलीय. त्या अकरांच्या डोक्यावरची नोटीस माघारी घे. आणि माझं नाव जिथून पुसलंस तिथं परत लिही. दुसरं काही मागत न्हाई.

पंतकाका, म्हणजे तुझे वडील, लोकांच्या पत्रिकांचा मजकूर सांगायला रोज प्रेसवर येतात. 'आमच्या पुष्करचा फोन आलता का?' विचारतात. मी गप्प बसते. अजून तरी.

मंजुषा

*

पुणे
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसमध्ये सगळे पाकीट हातात घेऊन बघत होते. आजकाल हातानं पत्र कोण लिहितं! तुझं अक्षर मात्र अजून शाळेतल्यासारखंच आहे.

रागावू नकोस, पण तुझी थोडी गल्लत होते आहे. हा विषय जरा टेक्निकल आहे, म्हणून सोपं करून सांगतो. चौकटचा परवाना मोकळा आहे, हे मला मान्य. जीपीएल म्हणतात त्याला. त्यात अट अशी की, चौकटमध्ये बदल करून दुसऱ्याला दिलं तर आतला कोडही द्यायचा. पण ही अट चौकटला लागू. ॲड-ऑनला नाही! ट्रॅक्टर आणि ट्रॉली डोळ्यांपुढे आण. ट्रॅक्टर गावाचा असला म्हणून त्याला जोडलेली माझी ट्रॉली गावाची होत नाही. मंगलाक्षरची ट्रॉली मंगलाक्षरची. आमच्या वकिलांनी हे पूर्ण तपासलंय.

दुसरं, तू मला पेनड्राइव्ह देताना काय म्हणालीस? 'घे, वापर.' मी वापरलं. तिसरं, 'मानपान प्रो' आम्ही नव्यानं लिहिलं आहे. तुझी मूळ कल्पना छान होती, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहेच. पण प्रॉडक्ट म्हणून ते कच्चं होतं. माणिककाकांच्या नावाची ती गंमत वगैरे सगळं मी साफ केलं. प्रोफेशनल सॉफ्टवेअरमध्ये असलं चालत नाही गं.

मी तुझ्यासाठी वरिष्ठांकडे शब्द टाकलाय. वसमत तालुक्याची अधिकृत विक्रेती म्हणून तुला नेमता येईल. प्रेसच्या दारावर आमचा बोर्ड लागेल. त्या अकरा प्रेसवाल्यांना तूच समजाव. तुझं ऐकतात ना ते.

आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांचं बीपी तुला माहीत आहे. माझ्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडते आहे, ती मी त्यांना योग्य वेळी सांगणार आहे. उगाच आत्ता कटकट नको.

तुझा,
पुष्कर

*

वसमत
९ डिसेंबर २०२४

पुष्कर,

मनातली कृतज्ञता मनातच ठेव. इथं कुणाच्या उपयोगाची न्हाई ती.

आणि अधिकृत विक्रेती! माझ्याच म्हशीचं दूध मलाच रतीबानं घालून राहिलास, वर म्हणतोस दारावर आमचा बोर्ड लाव. लाजबीज काही उरली का पुण्याच्या पाण्यात वाहून गेली?

तुला वाटलं, मंजीला ट्रॅक्टर-ट्रॉली सांगितली की ती मान डोलवेल. ऐक. ट्रॉलीची खीळ काढली की ती दुसऱ्या ट्रॅक्टरला लागते. माझं ॲड-ऑन चौकट सोडून एक पाऊल टाकत न्हाई. का, ते मला माहीत हाय, कारण लिहिलं मी. लांबलचक नावांची ओळ कुठं मोडायची हे मला जमत नव्हतं. 'सौ. व श्री. लक्ष्मीबाई वसराम' अशी नावं निम्म्यात तुटायची. शेवटी मी चौकटच्याच कोडमधल्या सातशे ओळी उचलून माझ्या फायलीत आणल्या. वर ज्यांनी त्या लिहिल्या त्यांची नावं जशीच्या तशी ठेवली. म्हणजे ही ट्रॉली न्हाई, हे कलम हाय. फांदी माझी असली तरी पाणी त्यांच्या मुळाचं पिते.

तरी मी म्हणलं, आपण तालुक्याच्या गावातल्या, पुण्याचे वकील शहाणे असतील. म्हणून चौकट करणाऱ्या लोकांनाच विचारलं. त्यांच्यातल्या एका बाईनं दोनच दिवसांत उत्तर दिलं. तुझ्यासारखं सोपं करून न्हाई, सरळ. ती म्हणते, ॲड-ऑन बाहेर राहून प्रोग्रामशी नुसती निरोपांची देवघेव करत असेल तर तो वेगळा धरता येतो. आत मिसळून दोन्ही एकच होऊन चालत असतील तर आमचा परवाना लागू, असं आमचं म्हणणं. यावर लोक वाद घालतात, सगळ्या कोर्टांनी निकाल दिलेला न्हाई, हेबी तिनं लपवलं न्हाई. पण कोडच उचललेला असेल तर वाद कसला, म्हणाली. तिथं परवाना लागू झालाच.

आणि 'घे, वापर' म्हणले, व्हय, म्हणले. पण त्या पेनड्राइव्हवर परवान्याची फाइल होती. तिच्यावर माझं नाव, साल, आणि खाली तोच जीपीएल. ती उघडायची तकलीफ तू घेतली नसशील. पुस्तक आणून पाठ करायचास तू शाळेत, वाचायचास कधी?

आता नीट समजून घे. विकू नको असं मी म्हणत न्हाई. विक खुशाल, परवान्यात विकायला मनाई न्हाई. पण ज्याला विकशील त्याला आतला कोड बराबर द्यायचा. ज्यांनी लिहिलं त्यांची नावं ठेवायची. आणि त्यानं पुढं दुसऱ्याला दिलं तर त्याच्या मागं वकील सोडायचा न्हाई. आम्हाला जे मोकळं मिळालं ते आम्ही मोकळं पुढं दिलं. मधीच तू कोण दारात खाट टाकून बसलास?

नेमसिंगनं गेल्या आठवड्यात तुमचं 'मानपान प्रो' रीतसर विकत घेतलंय. पावती हाय. आता तो चोर न्हाई, तुमचा गिऱ्हाईक हाय. त्याचा अर्ज सोबत जोडलाय. कोड मागतोय. अर्ज त्यानं स्वतः लिहिला, तीनदा खाडाखोड करून. हसू नको.

मंजुषा

*

पुणे
२४ डिसेंबर २०२४

मंजुषा,

मैत्री राखून बोलत होतो, ते तुला कळलं नाही. आता स्पष्ट लिहितो.

सिद्ध कर. 'मानपान प्रो' बंद फाइल आहे. ती चालते, आत डोकावता येत नाही. तुझ्या सातशे ओळी त्यात आहेत हे तू कशाच्या जोरावर म्हणतेस? तुमच्या नेमसिंगला पत्रिका छापायच्या आहेत ना? मग त्यानं पत्रिका छापाव्यात. कोड घेऊन तो काय त्याचं लोणचं घालणार आहे? आम्ही कोड दाखवणार नाही. १ फेब्रुवारीपर्यंत अकराही प्रेसमधून जुनी नक्कल निघाली नाही तर पुढचं वकील बघतील. मला वाईट वाटेल, पण माझा इलाज नाही.

तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. माझं लग्न ठरलं. नीलांबरी, आमच्या कंपनीच्या मालकांची मुलगी. १६ फेब्रुवारीला, इथेच पुण्यात. बाबांना कालच फोन केला. पत्रिका अर्थातच 'मानपान प्रो'वर होणार, दीड हजार प्रती. सासरे ती प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाला नमुना म्हणून दाखवणार आहेत.

तुझ्या धंद्याच्या उपयोगाचं एक सांगतो. आता पत्रिका सुटसुटीत असते. 'कै. अमुक यांचे नातू' हे लोकांना जुनाट वाटतं. शुभकार्यात पहिल्याच ओळीत गेलेला माणूस कशाला? मी आजोबांची ओळ भरलीच नाही. प्रूफ नीलांबरीच्या आई बघणार आहेत, त्या मराठीच्या एम. ए. आहेत. वसमतला असं प्रूफ कुणी वाचतं का?

लग्नाला यायचं असेल तर हा विषय घरी ठेवून ये.

पुष्कर औंढेकर

*

वसमत
२० जानेवारी २०२५

चि. पुष्कर यास,

आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देतो. मनापासूनचा तूर्त शिल्लक नाही.

तुझ्या पत्रिकांचा खोका काल आला. शंभर प्रती. कागद जाड, सोनेरी वेलबुट्टी, गणपती कोपऱ्यात ढकललेला. चष्मा पुसून मी पत्रिका दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, माझे डोळे गेले. दुसऱ्यांदा खात्री पटली की तुझे गेलेत. पहिली ओळ इथे उतरवून देतो, कारण तू ती अजून वाचलेली दिसत नाहीस.

'श्री. माणिकराव ग्यानबाराव ढोबळे, प्रेसवाले, वसमत यांचे नातू चि. पुष्कर.'

माणिकराव भला माणूस होता. आज असता तर तुझा आजोबा व्हायला त्याची ना नसती. पण मला त्याचा मुलगा करायचं की जावई, हे तरी बापाला विचारायचं होतंस! आणि तो जाऊन दोन वर्षं झाली, त्याला 'श्री.' लावून तू पुन्हा उठवून बसवलास. पुण्यात हे कुणालाच खुपलं नाही? मला प्रूफ दाखवायला तुला लाज वाटली असेल. खेड्यातल्या भटाला काय कळतं!

ज्या आजोबांनी तुला खांद्यावर बसवून औंढ्याच्या नागनाथाला नेलं, ते तुझ्या लग्नात जुनाट ठरले. त्यांची ओळ तू गाळलीस. त्या मोकळ्या जागेत माणिकराव येऊन बसला, आणि बरं केलं त्यानं.

पत्रिका घेऊन मी प्रेसवर गेलो. मंजुषा आधी इतकी हसली की खुर्चीवरून पडायची राहिली. मग बापाचं नाव बोटानं चाचपत रडायला लागली. मी विचारलं, हे नाव तुझ्या प्रोग्रामातलं, ते माझ्या मुलाच्या पत्रिकेत आलं कसं? तेव्हा तिनं नोटीस आणि तुझी पत्रं माझ्यापुढे ठेवली. दोन महिने त्या पोरीनं मला एक अक्षर सांगितलं नव्हतं. माझ्या बीपीची काळजी तू लिहून दाखवलीस, तिनं ती घेतली.

चाळीस वर्षं मी लोकांच्या पत्रिकांचा मजकूर सांगतो. कुणाचं नाव गळू नये, एवढंच माझं काम. माझ्याच पोटी नावं गाळणारा निघाला. तिचं नाव तिच्या कामावरून पुसलंस आणि माझ्या वडिलांचं आपल्या घरावरून.

तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना आज रजिस्टरनं एक पाकीट पाठवलं आहे. त्यात ही पत्रिका, तुझ्या दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स, मंजुषाच्या मूळ 'मानपान'ची फाइल भरलेली पेनड्राइव्ह आणि नेमसिंगचा अर्ज आहे. मला त्यातलं तांत्रिक कळत नाही. कुणाचं काय कुणी उचललं, ते कळतं.

बंडोपंत

*

पुणे
२६ जानेवारी २०२५

मंजू,

प्लीज हे पत्र पूर्ण वाच. तुझा फोन लागत नाही.

बाराशे पत्रिका वाटून झाल्यात. नीलांबरीच्या आईला वाटलं, माणिकराव म्हणजे माझ्या आईचे वडील. आमच्याकडच्या पुण्याच्या नातेवाइकांना वाटलं, मुलीकडचं कुणीतरी चुकून वर सरकलंय. मी फक्त तारीख, हॉल आणि माझं नाव बघितलं. एकानंही विचारलं नाही. आता सगळेच विचारतायत. काल एक मोठे गिऱ्हाईक फोनवर म्हणाले, 'तुमचे आजोबा प्रेसवाले का? छान, छान!'

बाबांचं पाकीट सासऱ्यांच्या टेबलावर आहे. ते माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांना सांगितलं होतं की 'मानपान' मी एकट्यानं, कॉलेजमध्ये असताना केलं. त्यांनी त्यावरच मला प्रमुख केलं. आता ते म्हणतात, तुझं असेल तर त्या मुलीच्या वडिलांचं नाव आमच्या पत्रिकेत कसं आलं ते तूच समजाव.

तू फक्त एवढंच लिहून दे की, माणिककाका आमचे मानलेले आजोबा होते आणि मी ते नाव प्रेमानं, मुद्दाम घातलं. दोन ओळी, बस. बदल्यात नोटिसा मागे घ्यायला लावतो. 'मानपान प्रो'च्या माहितीच्या पानावर खाली, लहान अक्षरांत, तुझं नावही टाकतो. 'विशेष आभार' म्हणून.

आपली इतक्या वर्षांची ओळख आहे गं. काहून एवढा राग?

पुष्कर

*

माणिकराव प्रेस, वसमत
५ फेब्रुवारी २०२५

पुष्कर,

संकट आलं की 'काहून' आठवलं व्हय! दोन पत्रं पुण्याची भाषा झाडली आणि पाय अडकला तेव्हा वसमतची जीभ फुटली.

मानलेले आजोबा! बाबा आजारी होते तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. तू फोन केलतास का एक? गेल्यावर आलास का? आता तुझी अब्रू झाकायला त्यांचं नाव पाहिजे. दोन ओळी न्हाई, एक अक्षर लिहून देणार न्हाई मी. आणि 'विशेष आभार' तुझ्या आहेराच्या पाकिटावर छापून घे.

तुझ्या सासऱ्यांचं पत्र मला आलं. तुझ्या पत्रांपेक्षा लहान आणि शहाणं पत्र. अकराही नोटिसा माघारी घेतल्यात, तसं प्रत्येकाला लेखी कळवलंय. त्यांनी 'मानपान प्रो' दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतलं, म्हणे. चौकटच्या सातशे ओळी निघाल्या, माझ्याबी निघाल्या. आता 'मानपान प्रो' जीपीएलखालीच विकणार, नावांसकट. लग्न मोडत न्हाईत ते, नीलांबरीची तुझ्यावर माया दिसते. पण दारावरची 'प्रमुख' पाटी उतरवली, असं पंतकाकांकडून कळलं. बरं झालं, हलकं वाटत असेल.

नेमसिंगला जुन्या, तू विकलास त्याच कोडची पेनड्राइव्ह मिळाली. ती घेऊन तो परवा धावत आला. या वेळी चेहरा दुसराच होता. इतका ताठ चालत आला की दारातल्या पायरीला ठेचकाळला. "मंजूताई, त्यांना द्यावं लागलं!" एवढंच म्हणून राहिलता. त्याला त्यातलं काही वाचता येत न्हाई, पण ते त्याचं हाय, हे कळतं. त्यानं अर्जाची पोचपावती काचेत बसवून गल्ल्यावर लावलीय.

आम्ही तिघांनी फाइल उघडली. मी, नेमसिंग आणि पंतकाका, चष्मा सावरत. सगळ्यात वर माझं नाव होतं तिथं तुझं. चौकटच्या लोकांची नावं होती तिथं काहीच न्हाई. एवढंच केलंस तू सहा वर्षांत, पुष्कर. वरच्या आठ ओळी. त्याच्याखाली काना-मात्राबी हललेली न्हाई. मी एका ठिकाणी चुकून दोनदा लिहिलेली ओळ, तीबी दोनदाच हाय. 'नव्यानं लिहिलं' म्हणलतास. 'साफ केलं' म्हणलतास. वरच्या पाटीलाच तेवढा रंग दिला व्हय.

पंतकाकांनी पत्रिका नव्यानं टाकायला सांगितली. तीनशे प्रती, इथल्या आणि हिंगोलीच्या पाहुण्यांसाठी. ती मी माझ्या हातानं केली, 'मानपान'वर. पहिल्या ओळीत तुझे आजोबा आलेत, 'कै.' लावून, त्यांच्या मानाच्या जागी. पुण्याला जुनाट वाटलं तर वाटू दे. मी लग्नाला येणार हाय. बाबांच्या नावानं बाराशे लोकांना आवतण गेलंय, घरचं कुणी तर पाहिजे तिथं.

जाता जाता एक सांगते, मग झालं. फाइलच्या मध्यावर, आजोबाच्या ओळीपाशी, कोडच्या कडेला मी एक शेरा लिहून ठेवला होता. तू पेनड्राइव्ह नेणार होतास त्या दिवशी. मी तो विसरूनबी गेले होते. पंतकाकांनी मोठ्यानं वाचला. तुझ्या बंद फाइलीत, कुलपाआड, तो सहा वर्षं तसाच होता:

'पुष्क्या, हे नाव काढू नको. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत आजोबांची ओळ भरायला विसरशील तेव्हा बाबा तुला आठवण करून देतील. मंजू, दिवाळी २०१८.'

जे आम्हाला दाखवायचं न्हाई म्हणून तू वकील लावलास, ते तू स्वतःच कधी उघडून वाचलं नव्हतं.

नव्या पत्रिकेचं प्रूफ सोबत पाठवून राहिले. वाच, आणि मग सही कर.

मंजुषा माणिकराव ढोबळे